पहाटे साडेतीनची पहिली फेरी

कबड्डीच्या शर्टावरचा आकडा मी आधी पुठ्ठ्यावर काढते, मग कापडावर उतरवते. आकडे इंग्रजीच लागतात. एक आणि सात सोपे, कातर सरळ चालते. आठाला वेळ जातो. दोन भोकं गोल कापायची, कड आत दुमडायची, बारीक टीप मारायची आणि टोकाला मशीन दोनदा मागेपुढे फिरवून पक्कं करायचं. नाहीतर पहिल्याच पकडीत आकडा उसवतो आणि पाठीवर लोंबायला लागतो. नागोठण्यात माझं शिवणाचं दुकान आहे, त्याला आता सव्वीस वर्षं होतील. शाळेचे गणवेश, ब्लाऊज, फॉल-पिको हे बारमाही काम. पण भात झोडून झालं, शेतात वालाची रोपं वर आली की आसपासच्या वाड्यांवरची पोरं गाठोडं घेऊन येतात. बारा शर्ट. सात खेळणारे, पाच राखीव.

हल्ली बहुतेक संघ छापील जर्सी घालतात. पाठीवर नाव, छातीवर पुरस्कर्त्याची जाहिरात, बाहीवर ग्रामदेवता. ज्यांना पुरस्कर्ता मिळत नाही ते गेल्या वर्षीचे शर्ट घेऊन माझ्याकडे येतात. "काकी, बगल तेवढी शिवून दे. आणि याचा तीन काढून पाच लाव, तो आता मुंबईला कामाला लागलाय." त्यामुळे माझ्या हातून जाणारे संघ बहुतेक पहिल्या नाहीतर दुसऱ्या फेरीत हरणारे असतात. चषक घेऊन मिरवणूक काढणाऱ्यांना माझ्याकडे यायची गरज पडत नाही. मी कबड्डी बघते ती या पोरांच्या मागे उभी राहून. म्हणून मला बाद फेरीच्या सुरुवातीच्या सामन्यांबद्दल लिहायचं आहे. अंतिम सामन्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत.

रायगडात डिसेंबर उजाडला की शनिवार-रविवारच्या रात्री कुठल्या ना कुठल्या गावात मैदान असतंच. पेण, रोहा, अलिबाग, सुधागड, माणगाव, कुठेही जा. कापणी झालेल्या शेतातली ढेकळं फोडतात, पाणी मारतात, रोलर फिरवतात, आणि चुन्याच्या फक्कीने १३ बाय १० मीटरचं मैदान आखतात. बाजूने बांबू, दोरी, दिव्यांचे खांब, एका अंगाला मंच. चिठ्ठ्या टाकून कोण कोणाशी खेळणार ते ठरतं आणि तो कागद मंचाशेजारी लावतात. आमच्याकडे त्या कागदाला भाग्यपत्रिका म्हणतात. मला हा शब्द फार आवडतो. लग्नाच्या पत्रिकेसारखं गावोगावचे लोक त्यावर बोट फिरवत आपलं नाव शोधतात. नाव सापडलं की पहिलं बोट शेजारच्या नावाकडे जातं, आणि तिथे एखादा नावाजलेला संघ असला की सगळे गप्प होतात.

दोन वर्षांपूर्वीच्या जानेवारीतली एक रात्र सांगते. आमच्या भावकीतला एक मुलगा आठ नंबर घालतो, चढाईपटू आहे, डाव्या अंगाने जातो. त्याची आई आजारी होती, म्हणून तिच्या वाटणीची मी टेम्पोत बसले. गाव दोन तालुके पलीकडचं. प्रवेशिका देताना सांगितलं होतं की संध्याकाळी पाचला हजर राहा, उशीर झाला तर समोरच्याला पुढे चाल देऊ. आम्ही पावणेपाचला पोचलो. भाग्यपत्रिकेवर बत्तीस संघ होते आणि मैदान एकच.

सातला वडापाव खाल्ला. नऊला पाहुणे आले. शाल, श्रीफळ, सन्मानचिन्ह, मग भाषण, मग पुढचे पाहुणे. चालू सामने थांबवून सत्कार झाले. अकराला मंच रिकामा झाला तेव्हा पहिल्या फेरीतले सहा सामने उरकले होते. पोरं टेम्पोत एकमेकांना चिकटून बसली होती. जानेवारीत आमच्याकडे दव असं पडतं की टपावर हात फिरवला तर ओला होतो. बाराला एकाने अंग मोकळं करायला उड्या मारल्या, एकला पुन्हा मारल्या, दोनला कोणी उठलं नाही. त्यातल्या एकाची सकाळी सातची पाळी होती. तो सारखा मोबाईलमध्ये वेळ बघत होता.

साडेतीनला पुकारा झाला. निवेदकाने सांगितलं, वेळेअभावी सामना दहा-दहा मिनिटांचा. पुरुषांचा सामना वीस-वीस मिनिटांचा, मध्ये पाच मिनिटं विश्रांती, हे शाळकरी पोरालाही माहीत आहे. त्याचा अर्धा केला. दहा मिनिटांच्या डावात चढाईपटूला समोरची साखळी ओळखायलाच वेळ मिळत नाही. कोण पुढे झेपावतो, कोण घोट्याला हात घालतो, कोपरा कुठे फसतो हे कळायला चार-पाच चढाया जातात. पूर्ण वेळेच्या सामन्यात त्या चढाया परवडतात. इथे त्या कळेपर्यंत मध्यंतर झालं होतं आणि आम्ही तीन गुणांनी मागे होतो.

दुसऱ्या डावात पोरं उठली. त्यांना बघताना मला थंडी वाजायची थांबली. एकेक गडी टिपत त्यांनी समोर तीनच ठेवले. गुणफलकावर १४-१५. शेवटची चढाई, तीही तिसरी, म्हणजे गुण घ्यायचाच, नाहीतर बाद. समोर तीन गडी असले की बोनसची वाट बंद. आणि त्यांनी पकड केली तर ती अव्वल पकड, त्यांना दोन गुण. एक गुण मिळाला असता तर बरोबरी, मग पाच-पाच चढायांचा डाव. आठ नंबर मध्यरेषेवर वाकला, माती कपाळाला लावली आणि आत शिरला. डाव्या कोपऱ्याकडे दोनदा पाय टाकला, दोनदा मागे घेतला. तिसऱ्यांदा पाय टाकला तेव्हा दवाने ओल्या मातीत त्याची टाच सरकली. कोपऱ्याने घोटा धरला. दुसरा कमरेवर आला. तो पडल्या पडल्या सरपटत निघाला. हात लांब करून, बोटं ताणून, दोन गडी अंगावर घेऊन तो मध्यरेषेकडे घसटत येत होता. तिसऱ्याने दंड दाबला. बोटं आणि फक्की यांच्यामध्ये एक वीत राहिली. सरपंचांची शिटी वाजली. १४-१७.

मी पाठीकडे बघत होते. आठाचं खालचं भोक पूर्ण उसवलं होतं.

तो अजून मातीत पालथा होता तेव्हा निवेदकाने पुढच्या दोन संघांची नावं पुकारली, मैदान लवकर मोकळं करा म्हणाला. दोन्ही संघांना हात मिळवायलाही सवड मिळाली नाही. खुर्च्यांवर जेमतेम पन्नास माणसं होती, त्यातली अर्धी घोंगडी पांघरून झोपलेली. पावणेअकरा तास थांबून वीस मिनिटं खेळून आम्ही परत निघालो. कोलाडला चहा घेतला, वाकण फाट्याला उजाडलं. पाळीवाल्या पोराला कंपनीच्या गेटवर सोडलं तेव्हा त्याच्या कानात माती होती.

हे मी तक्रार म्हणून मनात ठेवलं होतं. पण त्याच वर्षीच्या मे महिन्यात एका रविवारी सकाळी माझ्या भाच्याचा टोरांटोहून फोन आला आणि हा विषय पुन्हा वर आला. भाचा सहा वर्षं तिथे आहे आणि तिथल्या बर्फावरच्या हॉकीने त्याला पुरतं धरलंय. आवाज बसलेला होता. "आत्या, हरलो. पुन्हा पहिल्याच फेरीत." त्याचा संघ टोरांटो मेपल लीफ्स. या संघाने १९६७ नंतर तिथल्या लीगचा चषक, स्टॅन्ले कप, जिंकलेला नाही. २००४ नंतर २०२३ पर्यंत त्यांना बाद फेरीची पहिली पायरीसुद्धा ओलांडता आली नव्हती. २०२३ ला ओलांडली आणि २०२४ ला बोस्टनने जादा वेळेत २-१ असं हरवून पुन्हा घरी पाठवलं.

मी विचारलं, एका सामन्यात? तर म्हणाला, "नाही आत्या, सातव्या सामन्यात." मग त्याने समजावून सांगितलं. त्या लीगमध्ये सोळा संघ बाद फेरीत येतात. चार फेऱ्या. प्रत्येक फेरीत समोरच्याशी सातपर्यंत सामने खेळायचे, चार जिंकेल तो पुढे. पहिल्या फेरीलाही तेवढाच मान, तेवढेच सामने, तीच वेळ. बरोबरी झाली तर वीस-वीस मिनिटांचे जादा डाव, गोल होईपर्यंत. आणि फेरी संपली की दोन्ही संघ रांगेत उभे राहून एकेकाशी हात मिळवतात. दोन आठवडे एकमेकांना फळीवर आपटणारी माणसं. भाचा म्हणाला, "मी ती रांग बघायला टीव्ही बंद करत नाही."

मला पहाटे साडेतीनची ती शिटी आठवली.

आता कोणी म्हणेल, शेतातली रायगडची कबड्डी कुठे आणि कोट्यवधींची हॉकी कुठे. खरं आहे. सात सामन्यांची फेरी आपल्याला जमणार नाही, आणि मला ती हवीही नाही. सात वेळा खेळलं तर बहुतेक वेळा बलवान संघच जिंकेल. आमच्या वाडीतल्या बारा जणांना एखादा नावाजलेला संघ हरवायचा असेल तर तो एका रात्रीतच हरवता येईल, एखाद्या सणसणीत अर्ध्या तासात, समोरचे हलक्यात घेत असताना. पहिल्या फेरीची गोडी तिथेच आहे. मी स्वतः असे तीन विजय पाहिलेत, आणि त्यातल्या एका रात्री आमचा टेम्पो नागोठण्यात शिरला तेव्हा पहाटे गाव जागं करत शिरला. एका सामन्यात निकाल लागावा. पण तो सामना पूर्ण असावा, वेळेवर असावा, बघायला माणसं असावीत.

टीव्हीवरची कबड्डीही मी सोडत नाही. २०१४ च्या जुलैत प्रो कबड्डी सुरू झाली तेव्हा दुकानातला छोटा टीव्ही संध्याकाळी चालू असायचा, बायका ब्लाऊजचं माप द्यायला येऊन चढाई बघत उभ्या राहायच्या. यू मुम्बा पहिल्या वर्षी वरळीत जयपूरकडून ३५-२४ असा हरला, पुढच्या वर्षी बंगळुरूला ३६-३० ने हरवून जिंकला. दोन्ही अंतिम सामने मला आठवतात. पण त्याहून पक्का आठवतो तो २०१७ च्या ऑक्टोबरमधला एलिमिनेटर. पाटण्याच्या परदीप नरवालने हरियाणाविरुद्ध एकट्याने ३४ गुण आणले, आणि एकाच चढाईत तर संघाला आठ गुण मिळवून दिले. निकाल ६९-३०. तो सामना हरला असता तर पाटण्याचं वर्ष तिथे संपलं असतं. त्यांनी ओळीने तीन बाद सामने जिंकले, अंतिम फेरीत गुजरातला ५५-३८ ने हरवलं आणि सलग तिसरं विजेतेपद घेतलं. लोक तो चषक सांगतात. मला विचाराल तर ती स्पर्धा त्या एका चढाईत जिंकली गेली, आणि ती चढाई अंतिम सामन्यातली नव्हती.

२०२४ च्या डिसेंबरात मी पहिल्यांदा मैदानात जाऊन असा सामना पाहिला. २६ तारीख, बालेवाडी. आठ नंबर, त्याची आता बरी झालेली आई आणि मी, पाली-खोपोलीवरून पुण्याला गेलो. यू मुम्बा आणि पाटणा. ऑक्टोबरच्या १८ तारखेला सुरू झालेला हंगाम, प्रत्येक संघाचे बावीस साखळी सामने, बारातले सहा पुढे, त्यातल्या वरच्या दोघांना थेट उपांत्य फेरी आणि उरलेल्या चौघांचं एका रात्रीत काय ते. त्याच संध्याकाळी आधीच्या सामन्यात यूपीने जयपूरला ४६-१८ असं झोडपलं होतं. मग आमचा. पाटणा ३१, मुम्बा २३.

टीव्हीवर असा सामना संपला की लगेच जाहिरात लागते. मैदानात बसलं की जाहिरात नसते. हरलेले खेळाडू मॅटवर राहतात, गुडघ्याचे पट्टे सोडतात, पाण्याची बाटली घेतात, कोणाशी बोलत नाहीत. दहा आठवडे वेगवेगळ्या शहरांतून फिरलेली माणसं चाळीस मिनिटांत मोकळी झाली. आठ नंबर खुर्चीच्या कडेवर पुढे सरकून बसला होता. परतीच्या गाडीत तो खोपोलीपर्यंत बोलला नाही. मग म्हणाला, "काकी, पण त्यांना पूरा टाइम भेटला."

एवढं साधं मागणं आहे. पूर्ण वेळ.

लीगवाल्यांनाही एका रात्रीचा हिशोब खटकला असावा. २०२५ च्या हंगामात त्यांनी रचना बदलली. आठ संघांना पुढची वाट ठेवली, प्ले-इन नावाची पायरी आणली आणि वर राहिलेल्या संघांना एकदा हरल्यावरही दुसरी संधी ठेवली. मला ते पटलं. साखळीत जो राबला त्याला त्याचा मोबदला मिळाला पाहिजे. राष्ट्रीय स्पर्धेतही आधी गट असतात, गटात प्रत्येक संघ एकाहून जास्त सामने खेळतो, मग बाद फेरी. २०१८ च्या जानेवारीत हैदराबादला रिशांक देवाडिगाच्या महाराष्ट्राने सेनादलाला ३४-२९ ने हरवून अकरा वर्षांनी राष्ट्रीय विजेतेपद आणलं, तेही गटातले सामने खेळून अंग तापवत वर गेले होते. गावच्या पोरांनी मात्र दवात भिजून, उपाशी, दहा मिनिटांत अंगही तापवायचं आणि जिंकायचंही.

म्हणून मी हिशोब मांडला. शिवणारी बाई मापं घेते, कापड किती लागेल ते आधी सांगते. हाही तसाच हिशोब आहे.

बत्तीस संघांची बाद स्पर्धा म्हणजे एकतीस सामने. एका सामन्याला चाळीस मिनिटं खेळ, पाच मिनिटं विश्रांती, पाच मिनिटं संघ उतरायला, म्हणजे पन्नास मिनिटं. एकतीस गुणिले पन्नास, साडेपंचवीस तासांच्या वर. एका मैदानावर, एका रात्रीत हे होणारच नाही. ज्या दिवशी बत्तीसावी प्रवेशिका घेतली त्याच दिवशी पहिल्या फेरीची वेळ कापायची हे ठरून गेलं. कापली जाते ती नेहमी पहिल्याच फेरीची, कारण उपांत्य आणि अंतिम सामन्याला पाहुणे असतात.

आता सोळा संघ घ्या. पंधरा सामने. पहिल्या फेरीत हरलेल्या आठांचा आपसात आणखी एक सामना ठेवा, चार सामने वाढले. एकूण एकोणीस. दोन मैदानं आखली तर साडेआठ तास पुरे. चारला सुरुवात केली तर साडेबाराला बक्षीस समारंभ. कोणताही संघ वीस मिनिटं खेळून परत जाणार नाही, प्रत्येकाचे दोन सामने पूर्ण वेळेचे होतील. दुसरं मैदान आखायला चुन्याची एक गोणी, रोलरची आणखी दोन फेऱ्या आणि पंचांचं आणखी एक मंडळ लागतं.

आयोजकांची अडचण मला ठाऊक आहे, कारण ते माझ्याच गावचे, माझ्याच ओळखीचे लोक असतात. प्रवेश शुल्क बत्तीस संघांचं येतं, सोळांचं निम्मं होतं. एखाद्या गावाला नाही म्हटलं तर ते गाव रुसतं, पुढच्या वर्षी आपल्या संघाला बोलावत नाही. दिवे, मंच, चषक, 'पब्लिक हिरो' ठरलेल्या खेळाडूची सायकल, सगळ्याला पैसे लागतात आणि ते पैसे पाहुण्यांकडून येतात, म्हणून सत्कार. हे सगळं खरं. तरी सत्कार सामना सुरू व्हायच्या आधी करा, नाहीतर अंतिम सामन्याच्या आधी एकदाच करा. चालू फेरी थांबवू नका. आणि ज्या गावाला यंदा जागा नाही त्याला पुढच्या वर्षीची पहिली चिठ्ठी द्या, तसं भाग्यपत्रिकेवर लिहून लावा. गावं त्यावर रुसणार नाहीत. लग्नातल्या मानापानात आपण याहून अवघड हिशोब सांभाळतो.

मुलींचं वेगळं लिहावं लागेल. मी स्वतः दहावीपर्यंत खेळले, उजवा मध्यरक्षक. तेव्हा आमच्या घरात त्याला हुतुतूच म्हणायचे. २०१२ ला पाटण्यात महिलांचा पहिला विश्वचषक भारताने जिंकला तेव्हा संघात सुवर्णा बारटक्के, दीपिका जोसेफ, अभिलाषा म्हात्रे या महाराष्ट्राच्या तिघी होत्या. २०१६ मध्ये प्रो कबड्डीबरोबर महिलांची तीन संघांची स्पर्धा झाली. अंतिम सामना २४-२३. एका गुणाचा. एवढा चुरशीचा सामना होऊनही ती स्पर्धा पुढच्या वर्षी झाली नाही. आमच्याकडे अनेक ठिकाणी मुलींचा सामना पुरुषांच्या दोन सामन्यांच्या मधे 'प्रदर्शनीय' म्हणून ठेवतात. फेरी नाही, भाग्यपत्रिका नाही, मग हरल्यावर बाद व्हायचंही नाही. माझ्या दुकानात शिकायला येणारी एक मुलगी म्हणाली, "काकी, आम्हाला एकदा पहिल्या फेरीत हरू तरी द्या." ती अठरा वर्षांची आहे, तिची पकड मी पाहिली आहे. ती हरणार नाही.

आठ नंबरने त्या रात्रीनंतर तो शर्ट धुऊन माझ्याकडे आणला होता. माती गेली होती, उसवलेला आकडा तसाच. मी विचारलं, टाकून देऊ का, नवा आकडा लावते. नको म्हणाला, तोच शिव. मी शिवला. मागच्या वर्षी तो शर्ट दोन गावांत दुसऱ्या फेरीपर्यंत गेला आणि एका गावात तिसऱ्या. तिसऱ्या फेरीचा सामना रात्री साडेनऊला होता, पूर्ण वेळेचा, मैदान भरलेलं. आम्ही नऊ गुणांनी हरलो. हरल्यावर समोरच्या संघाच्या कप्तानाने याला उठवलं, पाठीवरची माती झटकली आणि सगळ्यांचे हात मिळवून झाल्यावरच दोन्ही संघ रेषेबाहेर आले. निवेदक तोपर्यंत थांबला होता. मी ते भाच्याला फोन करून सांगितलं.

येत्या रविवारी यंदाच्या पहिल्या स्पर्धेची भाग्यपत्रिका निघणार आहे. आठ नंबरचं कापड आता पार विरलंय, म्हणून शर्ट नवा शिवलाय आणि जुना आकडा काढून त्यावर लावलाय. दोन्ही भोकांना दुहेरी टीप घातली आहे. उरलेल्या अकरांना आज रात्री इस्त्री करायची आहे, पोरं उद्या पहिल्या पाळीला जाताना घेऊन जातील.